एडिस इजिप्टायमध्ये ट्रान्सपोझॉन ४१ टक्केच? आणि तोच मरिनर क्युलेक्समध्ये कसा?

टायरातलं_पाणी

नमस्कार. पुण्यातल्या डासांच्या जीनोममधले ट्रान्सपोझॉन (जागा बदलणारे, स्वतःच्या प्रती पसरवणारे डीएनएचे तुकडे) मोजायला घेतलेत आणि तीन ठिकाणी गाडं अडलंय. माहिती आधीच सगळी देतो, म्हणजे "आधी हे सांगा" म्हणून कुणाला परत यायला नको.

एडिस इजिप्टाय: कोथरूड आणि पेठांतल्या पंक्चरच्या दुकानांबाहेरच्या टायरांतल्या अळ्या वाढवून मिळालेल्या १० माद्या, सगळ्यांचा डीएनए एकत्र. क्युलेक्स क्विन्क्विफॅसिएटस: मुठेच्या काठच्या जलपर्णीतून, तशाच १० माद्या. दोन्ही इल्युमिनावर, १५० बेसचे जोडरीड, एडिस ३० पट, क्युलेक्स २५ पट. सिक्वेन्सिंगच्या लायब्रऱ्या दोन, लेन एकच. जुळणी (रीड जोडून सलग काँटिग बनवणं) मेगाहिटने केली. एडिसची ८८ कोटी बेसची झाली, एन५० (अर्धी जुळणी निदान एवढ्या लांबीच्या काँटिगमध्ये) जेमतेम ४ हजार. पुनरावृत्ती शोधायला रिपीटमॉडेलर एकदा चालवला, त्यातून आलेली पुनरावृत्तींची लायब्ररी तशीच त्या झाकून मोजणाऱ्या रिपीटमास्करला दिली.

पहिला प्रश्न: एडिसमध्ये ४१ टक्के आलेत. २०१८ च्या एएजीएल५ मध्ये (एडिसची प्रमाण जुळणी) पुनरावृत्त भाग ६५ टक्के आहे. पुण्याच्या डासात खरंच कमी आहेत का?

दुसरा: या ४१ पैकी १४ टक्क्यांवर "अननोन" असा शिक्का आहे. त्याचं काय करायचं?

तिसरा, आणि खरं तर यासाठीच धागा काढला: एडिसमध्ये सुमारे १२८० बेसचा एक मरिनर (ट्रान्सपोझॉनचं एक कुटुंब) आहे, रीडच्या खोलीवरून (एका जागेवर किती रीड बसतात त्यावरून) अंदाजे ४०० प्रती. तोच क्युलेक्सच्या जुळणीतही निघाला, ९९ टक्के सारखा. दोन वंश वेगळे होऊन कोट्यवधी वर्षं झाली, मग हा वंशातून न येता एका जातीच्या डासातून दुसऱ्या जातीत आडवा गेला असंच म्हणायचं ना?

---

पाषाण_पिपेट

पहिल्याचं उत्तर देतो. पुण्याचा डास वेगळा नाही, तुमची जुळणी वेगळी आहे. टक्के सोडा, बेस मोजा.

एएजीएल५ म्हणजे १२८ कोटी बेस. त्याचे ६५ टक्के, म्हणजे साधारण ८३ कोटी पुनरावृत्त आणि ४५ कोटी एकेरी. तुमच्याकडे ८८ कोटींचे ४१ टक्के, म्हणजे ३६ कोटी झाकले गेले आणि ५२ कोटी उघडे राहिले. एकाच जातीत एकेरी भाग इतका बदलत नाही. ४५ च्या जागी ५२ दिसतायत, म्हणजे त्यातले साधारण ७ कोटी ट्रान्सपोझॉनच आहेत, तुमच्या लायब्ररीला ओळखता आले नाहीत एवढंच. आणि १२८ वजा ८८, हे ४० कोटी तर जुळणीत आलेच नाहीत. ८३ आणि ३६ मधला ४७ कोटींचा फरक असा दोन वेगळ्या भोकांतून गळालाय. पहिलं भोक लायब्ररी सुधारून बुजेल. दुसरं या रीडवर बुजणार नाही, कितीही वेळा मास्कर चालवा.

का ते बघा. १५० बेसचे रीड, इन्सर्ट ३५०-४०० चा. जुआन-ए सारखा नॉन-एलटीआर घटक (आरएनएवरून उलटी नक्कल करून पसरणारा, पण टोकांना एलटीआर ही लांब पुनरावृत्ती नसलेला) काही हजार बेसचा असतो, आणि नुकत्याच पसरलेल्या प्रती एकमेकींशी ९८-९९ टक्के सारख्या असतात. असेंब्लरला त्या वेगळ्या ओळखताच येत नाहीत. शंभर प्रतींची एक होते आणि तिच्या दोन्ही टोकांना काँटिग तुटतो. म्हणजे सर्वांत तरुण, सर्वांत चळवळे घटकच आधी गायब होतात, आणि उत्क्रांतीचा अभ्यास करणाऱ्याला नेमके तेच हवे असतात. त्यात तुम्ही १० माद्या एकत्र वाटल्यात, म्हणजे २० गुणसूत्रसंच. असेंब्लरच्या डी-ब्रुइन ग्राफला तेवढे फाटे जास्त.

हा आकडा पद्धतीवर किती हलतो त्याचं उदाहरण घरातच आहे. २००७ साली एडिसचा पहिला जीनोम आला तेव्हा ट्रान्सपोझॉन ४७ टक्के होते. २०१८ च्या जुळणीत पुनरावृत्त भाग ६५ टक्के. मूळ डास दोन्ही वेळा लिव्हरपूल वाणाचाच. बदलली ती लांब रीडची जुळणी आणि लायब्ररी.

आत्ता हाताशी असलेल्या डेटावर प्रामाणिक आकडा हवा असेल तर जुळणी बाजूला ठेवा आणि कच्च्या रीडवरूनच पुनरावृत्ती मोजणारा डीएनएपाइपटीई चालवा. ०.१ पट नमुना घ्या: १२८ कोटींचा दहावा भाग १२.८ कोटी बेस, म्हणजे १५० च्या हिशेबाने साडेआठ लाख रीड. जोडीतला फक्त पहिला रीड द्यायचा, दोन्ही दिले तर एकच तुकडा दोनदा मोजला जातो. ०.०५, ०.१ आणि ०.२ पटीवर तीन-तीनदा चालवा, आकडा स्थिरावतो का बघा. त्याआधी मायटोकाँड्रियाचे आणि बॅक्टेरियाचे रीड काढा. क्युलेक्समध्ये वोल्बाकियाही काढावा लागेल. एडिस इजिप्टायमध्ये मायटोकाँड्रियाचे तुकडे केंद्रकातल्या डीएनएतही भरपूर घुसलेले आहेत, त्यामुळे गाळणी ९८ टक्क्यांच्या वर ठेवा, नाहीतर तेही उडतील.

आणि एक बारीक गोष्ट, जिच्यापायी सामायिक सर्व्हरवर शिव्या खाव्या लागतात: आरएमब्लास्टबरोबर रिपीटमास्करच्या "पीए" ला ८ दिलं तर तो ८ नाही, ३२ कोअर घेतो. प्रत्येक काम चार धागे उघडतं. आयसरच्या परम ब्रह्मवर रांगेत काम टाकताना हा गुणाकार करूनच कोअर मागा.

---

जुना_बाफ

"अननोन" बद्दल.

रिपीटमॉडेलर अख्खा जीनोम बघत नाही हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. रिपीटस्काउटला ४० मेगाबेसचा नमुना, मग रेकॉनच्या फेऱ्या ३, ९, २७, ८१ आणि २४३ मेगाबेसच्या. सगळे मिळून ४०० च्या आसपास. ॲनोफिलीस गॅम्बीचा जीनोम २७८ मेगाबेसचा, तिथे हे पुरून उरतं. एडिसच्या १२८० ला नाही पुरत. थोड्या प्रती असलेली कुटुंबं नमुन्यात येतच नाहीत. म्हणून दोन-तीनदा चालवा (दरवेळी नमुना वेगळा पडतो), "एलटीआरस्ट्रक्ट" चालू ठेवा, आणि शक्य असेल तर हे सगळं तुमच्या ८८ कोटींवर नाही, थेट एएजीएल५ वर करा. लायब्ररी तिथे बांधायची आणि मोजणी तुमच्या रीडवर करायची. ४ हजार एन५० च्या जुळणीवर एलटीआर शोधणं म्हणजे चाळणीत पाणी भरणं. पूर्ण एलटीआर घटकच ५ ते १० हजार बेसचा असतो, तो काँटिगमध्ये मावणार कुठे?

मग सगळ्या लायब्रऱ्या एकत्र करून सीडी-हिट-ईएसटी: सारखेपणा ०.८, लहान क्रमाचं आवरण ०.८, शब्दलांबी ५. ८०-८०-८० चा नियम बहुतेकांना पाठ असतो (८० टक्के सारखे, ८० टक्के लांबीवर, किमान ८० बेस), पण तो कुटुंब ठरवायला आहे. घटक पूर्ण आहे की तुकडा, ते त्यातून कळत नाही.

"अननोन" चे ढोबळ तीन ढीग पडतात. पहिला ढीग नॉन-एलटीआरच्या शेपट्यांचा. जॉकी, आरटीई, सीआर१, लोनर या घटकांची उलटी नक्कल ३' टोकाकडून सुरू होते आणि बहुतेकदा मध्येच तुटते, त्यामुळे जीनोमभर नुसत्या शेपट्या पडलेल्या असतात. रिपीटमॉडेलर त्या शेपटीचा कन्सेन्सस (सगळ्या प्रतींवरून काढलेला सरासरी क्रम) काढतो, त्यात प्रथिनाचा भागच नसतो, मग नाव कुठून मिळणार? दुसरा ढीग माइट्सचा: १०० ते ६०० बेस, दोन्ही टोकांना उलट्या पुनरावृत्ती, आत काही नाही. तिसरा ढीग ट्रान्सपोझॉनच नव्हे. सायटोक्रोम पी४५०, ट्रिप्सिन, गंधग्राही, झिंकफिंगर ही डासांतली मोठाली जनुककुटुंबं पुनरावृत्ती म्हणून आत येतात. हा ढीग आधी काढा. ट्रान्सपोझॉन वगळलेल्या प्रथिनसंचाशी ब्लास्टएक्स करायचं, जे लागेल ते फेकायचं. नाहीतर कीटकनाशक-प्रतिकाराची जनुकंच झाकून बसाल आणि पुढे अभिव्यक्तीच्या आकड्यांत ती गायब दिसतील.

उरलेल्यांवर हाताने काम करावं लागतं, पळवाट नाही. मात्र हजार कुटुंबं करत बसू नका. झाकलेल्या बेसप्रमाणे उतरत्या क्रमाने लावा आणि वरची शंभर-दीडशेच घ्या, बहुतेक वजन तिथेच असतं.

एका कुटुंबाचं सांगतो. कन्सेन्सस घेऊन जीनोमवर ब्लास्टएन. चांगल्या ५० ते १०० प्रती निवडायच्या, प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंना १५०० बेस जास्तीचे घेऊन काढायच्या, मॅफ्टने ओळीत लावायच्या आणि डोळ्यांनी बघायचं. घटक जिथे संपतो तिथे ओळी अचानक विस्कटतात: आत सगळ्या ओळी एकाच रंगाच्या, बाहेर रंगपंचमी. दोन्ही बाजूंना ती कडा दिसेपर्यंत वाढवत राहायचं, साधारण दोन-तीन फेऱ्या लागतात. डावी कडा प्रत्येक ओळीत वेगळ्या जागी तुटत असेल आणि उजवी सगळ्यांची एकाच जागी, तर तो नॉन-एलटीआर. दोन्ही कडा सुरीने कापल्यासारख्या असतील तर बाहेरचे बेस वाचा. दोन्हीकडे टीए असेल तर मरिनर-टीसी१ चा गोतावळा, टीटीएए असेल तर पिगीबॅक, ८ बेसची जोडी दिसली तर हॅट. फेइलाय सापडला तर ओळखायला सोपा: टीआरएनएपासून आलेला साइन, पुढच्या टोकाला पॉलिमरेज-३ च्या ए आणि बी पेट्या. १९९९ च्या अंदाजानुसार एडिसमध्ये त्याच्या ५९ हजारांच्या घरात प्रती आहेत.

डासांसाठी टीईफॅमच्या याद्या आणि डीफॅममधल्या नोंदी आधी जोडून घ्या. रेपबेसला वर्गणी पडते. नसली तरी अडत नाही.

---

रात्रपाळी

तिसऱ्या प्रश्नावर थांबा. शोधनिबंधाचं शीर्षक लिहायला घेतलं असेल तर फाइल बंद करा.

९९ टक्के सारखेपणा हा आडव्या प्रवासाचा पुरावा असतो, आणि भेसळीचाही तोच पहिला पुरावा असतो. तुम्ही लिहिलंय, दोन्ही लायब्रऱ्या एकाच लेनमध्ये. इंडेक्स (रीड कुठल्या नमुन्याचा ते सांगणारे खुणेचे क्रम) दोन्ही बाजूंना अनन्य होते का? नसतील तर इंडेक्स उडी मारतो. पॅटर्न केलेल्या फ्लोसेलवर ०.१ ते २ टक्के रीड चुकीच्या नावावर जाणं नेहमीचं आहे.

आता गंमत बघा. समजा, फक्त ०.१ टक्का रीड एडिसमधून क्युलेक्सच्या फाइलमध्ये गेले. एडिसच्या एकेरी जनुकाची खोली ३०, म्हणजे क्युलेक्समध्ये तिची ०.०३ पट दिसणार. कुणाला कळणारही नाही, जुळणीत येणार नाही, भेसळीची नेहमीची तपासणीही पास होईल. पण मरिनरच्या ४०० प्रती म्हणजे खोली १२,०००. त्याचा हजारावा भाग १२. क्युलेक्सच्या २५ पट डेटात १२ पट खोलीचा, सुबक, सलग, १२८० बेसचा काँटिग तयार होतो आणि आपल्याला वाटतं, घबाड मिळालं. म्हणजे गाळणीतून फक्त बहुप्रती घटकच खाली पडतात, आणि आपण शोधतही तेच असतो.

तासाभरात होणाऱ्या तीन तपासण्या:

क्युलेक्सच्या कच्च्या रीडमध्ये फेइलाय आणि जुआन-ए शोधा. दोन्ही एडिसमध्ये प्रचंड आहेत. त्यांची क्युलेक्समधली आणि एडिसमधली खोली यांचं गुणोत्तर काढा. मरिनरचंही तेच गुणोत्तर आलं तर प्रश्न संपला, भेसळ आहे. क्युलेक्सकडे जुआनचा स्वतःचा भाऊबंद आहे, म्हणून जुआन मोजताना ९७ टक्क्यांच्या वर जुळणारेच रीड धरा.

दुसरं, सांध्याचे रीड. मरिनरच्या टोकाला अर्धा घटक आणि अर्धा शेजार असे रीड वेगळे काढा. शेजारचा भाग क्युलेक्सच्या जीनोमवर बसतो की एडिसच्या? खरोखर घुसलेला घटक टीए, घटक, टीए असा क्युलेक्सच्या डीएनएत बसलेला दिसला पाहिजे. एकही सांधा क्युलेक्सचा नसेल तर तो घटक क्युलेक्समध्ये नाही.

तिसरं, खोली. क्युलेक्सच्या जीनोममध्ये एक जरी प्रत सगळ्या माद्यांत असेल तर खोली २५ च्या खाली जायला नको. १२ म्हणजे अर्धी प्रत. एकत्र नमुन्यात काहींत आहे आणि काहींत नाही असं होऊ शकतं, पण ते सांध्यांनी सिद्ध करावं लागतं.

हे सगळं पार झालं तरच पुढचं. क्युलेक्सच्या दुसऱ्या कुणी केलेल्या जुळणीत तो आहे का बघा, व्हेक्टरबेसवर मिळते. मग पीसीआर: घुसलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना २०० बेस सोडून प्रायमर, १० माद्या वेगवेगळ्या. जागा रिकामी असेल तर ४०० ची पट्टी, भरलेली असेल तर १७०० च्या आसपास. वाढीचा वेळ १७०० च्या हिशेबाने दोन मिनिटं ठेवा. कमी ठेवलात तर मिश्र मादीत फक्त रिकामी पट्टी वाढते आणि घटक नाहीच असं वाटतं. आकाराच्या फरकावरून वाचायची ही पद्धत डासांत चांगली मुरलेली आहे. ॲनोफिलीस कोलुझी आणि गॅम्बी वेगळे ओळखायला एक्स गुणसूत्रावरच्या साइन२०० च्या एका घुसखोरीचा पीसीआर वापरतात: असेल तर ४७९ बेस, नसेल तर २४९.

आणि मग आकडेमोड. दोन्ही जातींतल्या एकेका जोडीने मिळणाऱ्या जनुकांचा डीएस (प्रथिन न बदलणाऱ्या बदलांचं प्रमाण) काढायचा. बस्कोच्या डिप्टेरा ओडीबी१० संचात ३२८५ जनुकं आहेत, त्यातली दोन्हीकडे एकेरी असलेली घ्या. मरिनरच्या ट्रान्सपोझेजचा डीएस त्या पसाऱ्याच्या अगदी खालच्या टोकाच्याही खाली पडला पाहिजे. एडिस-क्युलेक्समध्ये जनुकांचा डीएस जवळपास संपृक्त असतो, त्यामुळे खरा आडवा प्रवास असेल तर तो उठून दिसतो. ओळी लावायला मॅकसी वापरा, मेलेल्या प्रतींतल्या फ्रेमशिफ्टला तो घाबरत नाही. कोडॉनच्या पसंतीचाही हिशेब धरायचा तर आर मधलं व्हायका पॅकेज आहे. माइट असेल तर डीएस विसरा, तिथे कोडॉनच नाहीत.

आडवा प्रवास डासांत होत नाही असं मी म्हणत नाहीये. २०२० मध्ये २४ डासांचे जीनोम तपासून तो वारंवार होतो असंच दिसलंय, आणि मरिनर त्यात आघाडीवर. मरिनरला यजमानाच्या प्रथिनांची फार गरज लागत नाही. फळमाशीचा मॉस१ १२८६ बेसचा, ३४५ अमिनो आम्लांचं एकच एन्झाइम, टोकांना २८ बेसच्या उलट्या पुनरावृत्ती, बस. एवढ्या सामानावर तो एडिसमध्ये १९९८ साली प्रयोगशाळेत घालूनही चालला. म्हणून तर पुरावा पक्का हवा.

---

कात्रजचा_बोगदा

मी या विषयातला नाही. हे घटक उड्या मारतात म्हणजे आपल्याला चावणारा डास बदलतो का?

---

रात्रपाळी

बहुतेक उड्या फुकट जातात, काही डासाच्या मुळावर येतात, आणि क्वचित एखादी त्याच्या पथ्यावर पडते. फ्रान्समधल्या क्युलेक्स पिपियन्सचं २००७ मध्ये छापून आलेलं उदाहरण घ्या. बॅसिलस स्फेरिकस हे अळीनाशक अळीच्या आतड्यातल्या सीपीएम१ नावाच्या ग्राहीला चिकटून मारतं. त्या जनुकात एक ट्रान्सपोझॉन शिरला, त्यामुळे आरएनए भलत्याच जागी कापला-जोडला जाऊ लागला, ग्राहीचा आकार बदलला आणि विष चिकटेना. क्युलेक्स क्विन्क्विफॅसिएटसमध्ये सीवायपी९एम१० च्या वरच्या बाजूला क्युर१ नावाचा छोटा माइट बसलेला सापडला, परमेथ्रिनला दाद न देणाऱ्या वाणात. ॲनोफिलीस अराबिएन्सिसमध्ये गुणसूत्राचा एक तुकडा उलटा फिरलाय, त्याच्या सांध्यावर ओडिसियस नावाचा घटक १९९८ मध्येच सापडला होता.

---

टायरातलं_पाणी

तपासलं. इंडेक्स एकाच बाजूला होते. फेइलायचं गुणोत्तर ०.०९ टक्के, जुआन-ए ०.०९, मरिनर ०.०९. सांध्याचे एकूण ३१ रीड, सगळे एडिसचे. आडवा प्रवास रद्द.

डीएनएपाइपटीई ०.१ आणि ०.२ पटीवर ५८-५९ ला स्थिरावलाय, लायब्ररीचं काम चालू आहे. आता वयाचं सांगा. रिपीटमास्करच्या किमुरा आलेखात (प्रती कन्सेन्ससपासून किती बदलल्यात ते दाखवणाऱ्या) ३ ते ५ टक्क्यांवर मोठा डोंगर येतोय, ० ते १ वर जवळपास काही नाही. म्हणजे हल्ली उड्या थांबल्यात असं म्हणता येईल?

---

पाषाण_पिपेट

नाही. ० ते १ वाल्या प्रतीच तुमच्या जुळणीत एकवटल्यात, वर लिहिलंय ते हेच. हाच आलेख एएजीएल५ वर काढा, डावी बाजू भरलेली दिसेल. आखूड रीडच्या जुळणीवरून "अलीकडे शांतता" असा निष्कर्ष काढायचा नाही.

दुसरी खोच कमी लोकांना माहीत असते. आलेख काढणारी स्क्रिप्ट सीपीजी जागांवरचे (सी नंतर लगेच जी) बदल कमी वजनाने मोजते, कारण ती मुळात सस्तन प्राणी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली आहे, तिथे मेथिलेशनमुळे सीपीजी झपाट्याने बदलतात. डासांत हे मेथिलेशन करणारी डीएनएमटी१ आणि डीएनएमटी३ एन्झाइमं नाहीतच, फक्त डीएनएमटी२ आहे. सीपीजीला वेगळं वागवायचं कारणच उरत नाही. "नोसीपीजीमॉड" देऊन पुन्हा काढा, डोंगर थोडा उजवीकडे सरकेल. मास्कर चालवताना "ए" पर्याय दिला नसेल तर ओळींची फाइल नसेल आणि सगळं परत करावं लागेल. १२८ कोटींवर ते दुखतं.

एलटीआरचं वय काढायचं असेल तर दोन एलटीआरमधला फरक भागिले दुप्पट दर. घटक घुसताना दोन्ही एलटीआर एकसारखे असतात, म्हणून. समजा, १ टक्का फरक आहे आणि फळमाशीचा दर धरला, दर पिढीला दर अब्ज बेसमागे २.८ बदल. ०.०१ ला ५.६ अब्जांशाने भागा: साधारण १७.९ लाख पिढ्या. वर्षाला १० पिढ्या धरल्या तर १.८ लाख वर्षं, २० धरल्या तर ९० हजार. पुण्यात एडिस बारा महिने पिढ्या काढतो, थंड गावात नाही. वर्षांत लिहिलेला आकडा हा तुमच्या पिढ्यांच्या अंदाजाचा आकडा असतो, म्हणून पिढ्यांतच लिहा. आणि हेही फक्त लांब रीडच्या जुळणीवर. आखूड रीडमध्ये दोन्ही एलटीआर मिळून एकच होतो आणि वय शून्य येतं.

---

जलपर्णी

एवढं सगळं एडिसमध्येच का साठलं? ॲनोफिलीस गॅम्बीत युक्रोमॅटिनमध्ये (जीनोमच्या सैल, जनुकं असलेल्या भागात) १६ टक्क्यांच्या आसपास, क्युलेक्समध्ये २९. ट्रान्सपोझॉनना दाबणारे लहान आरएनए, म्हणजे पायआरएनए, कमी पडतात म्हणून? आमच्याकडे सी६/३६ पेशी आहेत, त्यावर लहान आरएनए वाचून बघता येईल का?

---

जुना_बाफ

पायआरएनए कमी पडतात असं सरळ म्हणवत नाही. उलट एडिसमध्ये पायआरएनएबरोबर काम करणारी पिवी कुळातली जनुकं वाढलेली आहेत: पिवी१ ते ७ आणि एगो३. गंमत अशी की, २०११ च्या मोजणीत एडिसच्या पायआरएनएपैकी १९ टक्केच ट्रान्सपोझॉनवर बसत होते, फळमाशीत ५१. बाकीच्यांचा बराच वाटा जनुकं आणि विषाणूंकडे जातो. फ्लेविव्हायरस आणि ऱ्हॅब्डोव्हायरसचे तुकडे एडिसच्या जीनोममध्ये पायआरएनएच्या वस्त्यांत बसलेत, आणि शेजारी बहुतेक एलटीआर घटक. आरएनए विषाणूचा डीएनए करून जीनोममध्ये आणायला उलटी नक्कल करणारं एन्झाइम लागतं, ते पुरवणारे हेच. म्हणजे ट्रान्सपोझॉनची गर्दी हा डासाला नुसता भुर्दंड नाही. त्यातल्या एका तुकड्याचं काम २०२० मध्ये दाखवलं गेलं: सेल फ्यूजिंग एजंट विषाणूचा तो तुकडा क्रिस्परने काढला तर अंडाशयात तो विषाणू जास्त वाढतो.

सी६/३६ बद्दल जपून. पेशी पुण्याच्याच म्हणायच्या: के. आर. पी. सिंग यांनी १९६७ मध्ये इथल्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये, म्हणजे आजच्या एनआयव्हीत, एडिस अल्बोपिक्टसच्या अळ्यांपासून बनवलेल्या मूळ पेशींतून १९७८ मध्ये हा क्लोन निवडला गेला. पण जात अल्बोपिक्टस, तुमचा जीनोम इजिप्टायचा. आणि या क्लोनमध्ये डायसर-२ बिघडलेला आहे, २१ बेसचे एसआयआरएनए नीट बनत नाहीत. तिथे दिसणारं पायआरएनएचं चित्र अख्ख्या डासाचं मानू नका. आग२ पेशी तरी इजिप्टायच्या आहेत. नाहीतर सरळ अंडाशय काढा आणि उरलेलं धड वेगळं ठेवा. डासांत पायआरएनए धडातही बनतात, फळमाशीवरून अंदाज बांधू नका. २४ ते ३० बेसचे रीड वेगळे करा, पहिल्या जागी यू आणि दहाव्या जागी ए यांचं प्रमाण बघा, उलटसुलट रीडची १० बेसची गाठ मोजा. गाठ दिसत नसेल तर बहुधा तुटलेल्या आरएनएचे तुकडे वाचताय.

---

टायरातलं_पाणी

शेवटचं. लांब रीडसाठी नमुना पुन्हा घेणार आहे. कसा घेऊ?

---

पाषाण_पिपेट

एकच डास, आणि नर. १० एकत्र नको. मादीच्या शुक्रकोषात दुसऱ्या नराचा डीएनए असतो, रक्त प्यायली असेल तर यजमानाचाही. शिवाय नर ठरवणारा एम-लोकस नरातच, पहिल्या गुणसूत्रावर. त्यातल्या निक्स जनुकाचा इंट्रॉन १ लाख बेसचा आहे आणि पुनरावृत्तींनी ठासून भरलेला. ट्रान्सपोझॉन बघायला त्याहून चांगली जागा नाही, मादी घेतली तर ती मिळतच नाही.

कोषातून निघाल्यावर दोन दिवस फक्त १० टक्के साखरपाणी, शेवटचे काही तास नुसतं पाणी. जिवंत असताना द्रव नायट्रोजनमध्ये, मग उणे ८०. इथेनॉलमध्ये बाहेरच्या तापमानाला ठेवाल तर मे महिन्यात पुण्यात लांब डीएनए विसरा. प्लास्टिकच्या मुसळीने १० सेकंद, जास्त नाही. व्होर्टेक्स बंद. टिपचं टोक कापून घ्या. आरएनेझ द्या, नाहीतर नॅनोड्रॉप दुप्पट दाखवेल. मोजायचं क्युबिटवर. २०१९ मध्ये एकाच ॲनोफिलीस कोलुझी डासाच्या सुमारे १०० नॅनोग्रॅमवर पॅकबायोची जुळणी झाली, तेव्हा शे-दोनशे हाती लागले तर घाबरू नका. पण एडिसचा जीनोम त्याच्या चौपटीहून मोठा आहे: ३० पट खोलीला ३८४० कोटी बेस लागतील, तेवढं लेनवर आधीच राखून ठेवायला सांगा.

त्या नराच्या आईच्या त्याच अंड्यांतले बाकीचे नर भाऊ वेगवेगळ्या ट्यूबमध्ये गोठवून ठेवा. पुढे काँटिग गुणसूत्रांवर लावायला हाय-सी करायचं ठरलं तर तेच लागतील. आणि या वेळी इंडेक्स दोन्ही बाजूंना, अनन्य.